मद्यपात्रांवरची अक्षरे

म्युनिकच्या पुराणवस्तुसंग्रहालयात मातीच्या एका मोठ्या पात्राचे तुकडे जोडून ठेवलेले आहेत. इ.स.पू. ५१० च्या सुमारास अथेन्समध्ये यूफ्रोनिओस या चित्रकाराने ते रंगवले असावे, असे शैलीवरून मानले जाते. पात्रावर मद्यपानाचा प्रसंग आहे. पुरुष मंचकांवर रेलले आहेत आणि प्रत्येकाचे नाव त्याच्या शेजारी लिहिले आहे. त्यांतील एक्फान्तिदेस नावाचा पुरुष मान मागे टाकून गात आहे. तो गात आहे हे आपल्याला कळते, कारण त्याच्या तोंडातून अक्षरांची एक ओळ बाहेर पडलेली आहे. अपोलोला आणि कोण्या एका धन्य देवतेला घातलेली ती साद आहे. पुढचा भाग फुटून गेला आहे.

त्याच पात्रावर एक स्त्री आहे. तिच्या तोंडाशी दोन नळ्यांचे वाद्य आहे. तिचेही नाव लिहिलेले आहे : सूको. ग्रीक भाषेत याचा अर्थ अंजीर. हे नाव आईवडिलांनी ठेवलेले नसावे. ग्रीक विनोदी नाटकांत या फळाचा उल्लेख कोणत्या अर्थाने होतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते कोणी आणि का ठेवले असेल याचा अंदाज येईल. सूकोच्या तोंडातून अक्षरे निघत नाहीत. निघणे शक्यही नाही. तिचे तोंड वाद्याने भरलेले आहे.

साहित्याचे अध्यापन करणाऱ्या आपल्यासारख्यांनी या चित्राकडे दोन कारणांसाठी पाहावे असे मला वाटते. पाश्चात्त्य भावकवितेचा उगम म्हणून आपण ज्या ग्रीक कवितेचा उल्लेख वर्गात करतो, तिच्यातला मोठा भाग ज्या ठिकाणी गायला गेला ते ठिकाण या पात्रांवर दिसते. आणि त्या ठिकाणी कोणाचा आवाज शब्द म्हणून टिपला गेला व कोणाचा नुसता नाद म्हणून विरून गेला, हेही तेथेच दिसते. पहिल्या गोष्टीबद्दल पुष्कळ लिहिले जाते. दुसरीबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

प्रथम प्रसंगाविषयी थोडे. ग्रीक लोक या मेळाव्याला सिंपोसिऑन म्हणत. शब्दशः अर्थ ‘एकत्र पिणे’. आपल्या महाविद्यालयांत अनुदान मिळवून जे परिसंवाद भरतात त्यांच्या इंग्रजी पत्रिकेवर हाच शब्द छापलेला असतो. तेथे चहाखेरीज काही मिळत नाही हा भाग वेगळा. संस्कृतातील ‘पानगोष्ठी’ हा शब्द मूळ अर्थाच्या जवळ जातो, म्हणून पुढे तोच वापरतो. जेवण आटोपले, देवांना अर्घ्य दिले, की पानगोष्ठी सुरू होई. घरातील पुरुषांच्या खोलीत भिंतींना लागून सात, नऊ किंवा अकरा मंचक मांडलेले असत. प्रत्येकावर बहुधा दोघे जण डाव्या कोपरावर रेलून बसत, म्हणजे उजवा हात पेल्यासाठी मोकळा राही. रेलून खाण्यापिण्याची ही रीत पूर्वेकडून ग्रीसमध्ये आली. इ.स.पू. ६४५ च्या सुमाराचे, असुरबानिपाल राजाच्या उद्यानभोजनाचे जे शिल्प ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात राजा रेललेला, राणी आसनावर बसलेली आणि सोबतीला वादक आहेत. अथेन्सच्या नागरिकाने रेलण्याची पद्धत उचलली, राणीची जागा मात्र ठेवली नाही. नागरिकाची पत्नी, मुलगी, बहीण पानगोष्ठीत येत नसे. येत त्या स्त्रिया भाड्याने आणलेल्या किंवा गुलाम.

मद्य नुसते पीत नसत. खोलीत मधोमध ठेवलेल्या क्रेटर नावाच्या रुंद तोंडाच्या कुंभात ते पाण्यात मिसळत आणि पाण्याचे प्रमाण सामान्यतः अधिक असे. पाण्याविना पिणे हे रानटी लोकांचे, विशेषतः सिथियनांचे, लक्षण समजले जाई. युबुलोस या विनोदी नाटककाराच्या एका उताऱ्यात मद्याचा देव डायोनिसस स्वतःच सांगतो, की शहाण्यांसाठी तीन कुंभ पुरेत. त्यापुढचे कुंभ आरडाओरड, मारामारी असे करत वेडापर्यंत नेतात. तीनवर थांबणारे कितपत होते, हे पात्रांवरील चित्रे सांगतात.

ही चित्रे कोठे काढलेली आहेत याकडे वाचकाचे लक्ष वेधतो. ती भिंतीवर किंवा फलकावर नाहीत. ज्या कुंभात मद्य मिसळायचे त्या कुंभावर, ज्या पेल्याने प्यायचे त्या पेल्यावर, ज्या कूजासारख्या भांड्यात मद्य गार करायचे त्यावर ती आहेत. पिणारा माणूस पिणाऱ्यांचे चित्र हातात धरून पीत असे. किलिक्स नावाचा पसरट, दोन कानांचा पेला रिकामा होत आला, की तळाशी वर्तुळातले चित्र उघडे पडे. इ.स.पू. ५२५ च्या आसपास अथेन्सच्या कुंभारवाड्यात रंगवण्याची रीत उलटली. तोवर आकृती काळी आणि पार्श्वभूमी मातीच्या तांबूस रंगाची असे. आता आकृती तांबूस ठेवून भोवतालची जागा काळी करू लागले. हा काळा रंग वेगळा नव्हता. त्याच मातीची अतिशय बारीक गाळलेली खळ, भट्टीत हवा आधी मोकळी, मग कोंडलेली, मग पुन्हा मोकळी ठेवल्याने काळी होऊन चकाके. रेषा कोरण्याऐवजी कुंचल्याने ओढता येऊ लागल्याने बोटे, ओठ, बरगड्या, वस्त्राच्या चुण्या हे सगळे चित्रकाराच्या हाती आले. वाद्यावर फिरणारी बोटे याच काळात नीट दिसू लागतात. अक्षरे मात्र बहुधा वरून दिलेल्या लालसर जांभळ्या रंगात लिहीत. तो रंग टिकाऊ नव्हता. आज पुष्कळ पात्रांवर अक्षरे पुसट झाली आहेत आणि प्रकाश तिरपा पाडल्यावरच वाचता येतात. म्हणजे चित्रातील माणसे राहिली आणि त्यांचे गाणे प्रथम उडाले.

जे राहिले तेही थोडे नाही. बिओशियातील तानाग्रा येथे सापडलेला एक पेला अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. त्याच्यावरील रेललेल्या पुरुषाच्या तोंडी जे शब्द आहेत, ते थेओग्निसच्या नावावर असलेल्या पद्यसंग्रहातील एका ओळीचा आरंभ आहेत. दूरिस या चित्रकाराच्या म्युनिकमधील पेल्यावरचा गाणारा ‘मला जमत नाही’ अशा अर्थाच्या दोन-तीन शब्दांवर थांबतो, आणि तेही अशाच एका पद्याचे तोंड असावे. ओळ संपूर्ण लिहिण्याची चित्रकाराला गरज भासलेली नाही. पेला हातात घेणाऱ्याला पुढचे पाठ होते. ध्रुपदाचा पहिला शब्द कानी पडताच उरलेले म्हणणारी मंडळी आपणही पाहिलेली आहेत, तेव्हा यात नवल वाटू नये. भाषाशास्त्राचा किंवा पाठचिकित्सेचा विद्यार्थी मात्र येथे थांबेल. थेओग्निसच्या संग्रहाची जी हस्तलिखिते आपल्याला मिळाली ती मध्ययुगातली आहेत, आणि हा पेला इसवीसनापूर्वीच्या पाचव्या शतकाच्या आरंभीचा. त्या ओळीचा सर्वांत जुना साक्षीदार भाजलेली माती आहे आणि ती ओळ त्या मातीवर एका पिणाऱ्याच्या तोंडी आहे.

पानगोष्ठीत गाण्याचा क्रम असे. एकाने मेंदीसारख्या मिर्टल झुडपाची डहाळी हाती घेऊन कडवे म्हणायचे, मग ती डहाळी दुसऱ्याकडे द्यायची. त्याने ते पुढे चालवायचे किंवा त्याला दुसऱ्या कडव्याने उत्तर द्यायचे. या गाण्यांना स्कोलिआ म्हणत. त्यांपैकी पंचवीस अथेन्सची म्हणून आथेनाइओस या उत्तरकालीन लेखकाने आपल्या ग्रंथाच्या पंधराव्या भागात नोंदवून ठेवली, म्हणून ती आपल्याला कळली. गाता न येणे म्हणजे संस्कार न झालेला माणूस असणे. लायर शिकणे हे चांगल्या घरच्या मुलाच्या शिक्षणाचा भाग होते, आणि पात्रांवर गुरूपुढे लायर घेऊन बसलेली मुले वारंवार येतात. म्युनिकमध्येच फिन्तिआस या चित्रकाराचा पाण्याचा घडा आहे. त्याच्यावर असा एक संगीतवर्ग असून लायर शिकणाऱ्या तरुणाचे नाव यूथिमिदेस असे लिहिले आहे. यूथिमिदेस हा फिन्तिआसच्याच जोडीचा चित्रकार. हात मातीने माखलेल्या कारागिराला सरदारपुत्रांच्या वर्गात बसवण्याची ही थट्टा त्या मंडळींत वारंवार दिसते. आपल्या एका अम्फोऱ्यावर यूथिमिदेसने यूफ्रोनिओसला असे कधीच जमले नाही, या अर्थाची ओळ लिहिली, ती कलेच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. ब्रसेल्समधल्या एका पात्रावर स्मिक्रोस नावाचा चित्रकार सही करतो आणि त्याच पात्रावर स्मिक्रोस नावाचा एक जण मंचकावर ऐटीत रेललेला दाखवतो. हा स्मिक्रोस खरा होता की यूफ्रोनिओसनेच रचलेले पात्र, अशी शंकाही अलीकडे एका अभ्यासकाने सविस्तर मांडली आहे.

सांगण्याचा हेतू असा, की ही छायाचित्रे नव्हेत. नाव लिहिले आहे म्हणून ती व्यक्ती होती, प्रसंग काढला आहे म्हणून तो घडला, असा सरळ हिशेब येथे चालत नाही. आपण कथाकादंबरीतील ‘मी’ला लेखक समजू नका असे विद्यार्थ्यांना सांगतो, तीच सावधगिरी येथेही हवी. तरीही कल्पित चित्रालाही काय दाखवायचे आणि काय नाही याचे नियम असतात, आणि ते नियम समाजाबद्दल बोलतात.

आता वाद्यांकडे वळतो. मराठीत, आणि ज्यांवरून मराठीत येते त्या इंग्रजी भाषांतरांतही, सूकोच्या वाद्याला ‘बासरी’ म्हटलेले आढळते. हे चुकीचे आहे. ग्रीक आउलोस म्हणजे आडवी धरून फुंकण्याची बासरी नव्हे. दोन स्वतंत्र नळ्या, प्रत्येकीच्या तोंडाशी बोरूची पत्ती, दोन्ही एकाच वेळी तोंडात आणि प्रत्येक हाताची बोटे आपापल्या नळीवर. आवाजाच्या जातीने ते सनईच्या कुळातले वाद्य आहे. बासरी म्हटले की आपल्या मनात यमुनाकाठ उभा राहतो, आणि आउलोसच्या बाबतीत तो दिशाभूल करतो. नौकेवरील वल्ह्यांचा ताल, सैन्याची चाल, यज्ञबली, नाटकातील वृंदगान या सर्वांना आउलोसची साथ असे. भाषांतर करणाऱ्याने ‘जोडसनई’ म्हटले तर निदान कानाला खरी दिशा मिळेल.

पानगोष्ठीतील पुरुषाच्या हाती बहुधा लायर असते किंवा तिचीच लांब भुजांची, खालच्या सुरांची बहीण बार्बितोस. दोहोंची पेटी कासवाच्या पाठीची. तारा छेडताना तोंड मोकळे राहते, म्हणून वाजवणाराच गाऊ शकतो, आणि कवी असेल तर स्वतःचेच गाऊ शकतो. आनाक्रेऑन हा आयोनियातला कवी इ.स.पू. ५२२ च्या सुमारास हिप्पार्खोसच्या आश्रयाला अथेन्समध्ये आला, आणि पुढे अथेन्सच्या पात्रांवर बार्बितोस घेतलेला, लांब झगा नि डोक्याला फेटा अशा आयोनियन थाटातला पुरुष दिसू लागतो. एका तुकड्यावर तर बार्बितोसच्या भुजेवरच त्याचे नाव लिहिले आहे. आउलोस वाजवणाऱ्याला हे शक्य नाही. त्याला दुसऱ्याच्या गाण्याची साथ करावी लागते. प्लुटार्क सांगतो, की आल्किबिआदेसने लहानपणी आउलोस शिकण्यास नकार दिला. त्याने चेहरा विद्रूप होतो आणि वाजवणाऱ्याचा आवाज व बोलणे दोन्ही हिरावले जाते, तेव्हा ज्यांना बोलता येत नाही त्या थीब्सच्या मुलांनी ते वाजवावे, असा त्याचा युक्तिवाद होता. अथेना देवीनेही फुगलेले गाल पाण्यात पाहून हे वाद्य फेकून दिले आणि मार्सिअस या वनचराने ते उचलले, ही कथा सर्वश्रुत आहे. अ‍ॅरिस्टॉटल ‘राज्यशास्त्रा’त हेच अधिक गंभीरपणे मांडतो. शिक्षणात आउलोस नको, कारण ते वाजवताना शब्द वापरता येत नाहीत. तोच असेही नोंदवतो, की इराणी युद्धांनंतर अथेन्समध्ये आउलोसची मोठी हौस होती आणि बहुतेक स्वतंत्र नागरिक ते शिकत. म्हणून आउलोस म्हणजे गुलामाचे वाद्य असे सरसकट म्हणता येणार नाही. पात्रांवर तरुण मुलगेही ते वाजवताना दिसतात. परंतु ज्या समाजात सभेत उभे राहून बोलता येणे हेच नागरिकत्वाचे मर्म, तेथे तोंड बंद करणारे वाद्य हळूहळू कोणाच्या वाट्याला गेले असेल हे ओळखणे कठीण नाही.

सूकोसारख्या स्त्रीला आउलेत्रिस म्हणत. तिच्याबद्दल आपल्याला ज्या नोंदी मिळतात त्यांत ती स्वतः बोलत नाही, तिच्याबद्दल बोलले जाते. त्यांतली सर्वांत कोरडी नोंद मला सर्वांत बोलकी वाटते. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘अथेन्सच्या राज्यघटने’त नगरव्यवस्था पाहणाऱ्या दहा अधिकाऱ्यांची कामे सांगितली आहेत. पाच अथेन्स शहरात, पाच पिरेउस बंदरात. रस्त्यावर आलेले सज्जे, सांडपाणी, मैला उचलणाऱ्यांनी मैला कोठे टाकायचा, रस्त्यात मेलेल्यांची प्रेते उचलणे या कामांच्या जोडीला त्यांचे एक काम असे, की आउलोस, हार्प व किथारा वाजवणाऱ्या मुलींना कोणी दोन द्राख्मांहून अधिक भाडे देऊ नये. एकाच मुलीसाठी अनेक गिऱ्हाइके आली तर चिठ्ठ्या टाकून ज्याची निघेल त्याला ती द्यावी. पाचव्या शतकाच्या अखेरीस एरेख्थेइऑन मंदिराच्या बांधकामावर कुशल कारागिराला दिवसाला एक द्राख्मा मिळे, हे हिशेबाच्या शिलालेखांवरून कळते. म्हणजे दोन द्राख्मा ही रक्कम क्षुल्लक नव्हे. मुलगी गुलाम असेल तर ती रक्कम तिच्या हातात राहत नसे, हे सांगायला नको. कमाल दर ठरवावा लागला याचाच अर्थ मागणी इतकी होती, की गिऱ्हाइके भाव चढवत आणि भांडत. आरिस्टोफनीसच्या ‘गांधीलमाशा’ या इ.स.पू. ४२२ च्या नाटकात म्हातारा फिलोक्लेऑन पानगोष्ठीतून एक आउलोसवाली पळवून आणतो आणि प्रेक्षक हसतात. तिचे नाव दार्दानिस, म्हणजे दार्दानियाची. गुलामाला त्याच्या मुलखाचे नाव देण्याची ही पद्धत. ती रंगमंचावर आहे, पण तिला संवाद नाही.

वादक माणसांचा हा व्यापार ग्रीक जगापुरता राहिला नाही. इसवीसनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरी उतरवण्याजोग्या मालाची यादी आहे. राजासाठी म्हणून तीत चांदीची मौल्यवान भांडी, वादक गुलाम, जनानखान्यासाठी सुंदर मुली आणि उंची मद्य यांचा एका ओघात उल्लेख येतो. तो राजा म्हणजे नहपान असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्याच्या जावयाचे लेख नाशिकच्या लेण्यांत आपण वाचतो. त्या लेखांत दानांचा तपशील आहे, वादकांचा नाही.

पुन्हा अक्षरांकडे येऊ. पात्रांवर स्त्रियांच्या तोंडी शब्द कधी येतच नाहीत असे नाही. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात यूफ्रोनिओसची सही असलेले, मद्य गार करण्याचे एक पात्र आहे. त्यावर चार विवस्त्र स्त्रिया उशांवर रेलून पानगोष्ठी करत आहेत. पुरुष कोणीही नाही. सेक्लिने आउलोस वाजवते. स्मिक्रा नावाची दुसरी पेला बोटावर फिरवून तळातले मद्य फेकण्याच्या बेतात आहे. कोत्ताबोस नावाचा हा खेळ पानगोष्ठीत फार लोकप्रिय होता. नेम धरून मद्याचे थेंब फेकायचे आणि फेकताना आवडत्या व्यक्तीचे नाव घ्यायचे. स्मिक्राच्या शेजारी तिचे बोलणे लिहिले आहे : हे तुझ्यासाठी, लेआग्रोस. लेआग्रोस हा त्या काळच्या अथेन्समधला देखणा म्हणून गाजलेला तरुण. शेकडो मैल दूरच्या माणसाने सहज ओळखावा असा तो नव्हता, पण कुंभारवाड्यात त्याचे नाव अनेक पात्रांवर लिहिले गेले. तिचे शब्द डोरियन बोलीत आहेत, अथेन्सच्या नव्हेत. ‘तिकडच्या बायका’ असा काहीसा भाव चित्रकाराला आणायचा असावा. फिन्तिआसच्या ज्या घड्याचा वर उल्लेख केला, त्याच्या खांद्यावरही दोन स्त्रिया अशाच रेलून कोत्ताबोस खेळतात. त्यांतली एक म्हणते : तुझ्यासाठी, यूथिमिदेस.

म्हणजे असे दिसते. एक्फान्तिदेस अपोलोला साद घालतो, तानाग्राच्या पेल्यावरचा पुरुष थेओग्निस म्हणतो, आणि स्त्रीच्या तोंडी शब्द येतात तेव्हा ते कवितेचे नसतात. ते एका पुरुषाचे नाव असते. सगळ्या पात्रांना हा नियम लावण्याचा माझा दावा नाही. पात्रे हजारोंनी आहेत. पण नियमाला जेथे हमखास अपवाद सापडावा अशा एका पात्रावर मी मोठ्या आशेने गेलो आणि निराश झालो. म्युनिकमधीलच, ब्रिगोस चित्रकाराचे म्हणून ओळखले जाणारे हे उभे पात्र सिसिलीतल्या आग्रिजेंतो येथे सापडले. त्यावर दोन आकृती आहेत, दोघांच्या हाती बार्बितोस. नावे लिहिली आहेत : आल्काइओस आणि सॅफो. लेस्बोस बेटावरचे हे दोन कवी त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी अथेन्सच्या चित्रकाराने एकत्र उभे केले. आल्काइओस मान खाली घालून गात आहे. त्याच्या तोंडासमोर चित्रकाराने ‘ओ’ हे अक्षर पाच वेळा, मण्यांसारखे, लिहिले आहे. शब्द नाहीत, केवळ स्वर. आलापाचे याहून साधे चित्र मी पाहिलेले नाही. सॅफो वळून त्याच्याकडे पाहते. तिच्याही हाती वाद्य आहे, तिचेही तोंड मोकळे आहे. तिच्या तोंडापुढे काहीच लिहिलेले नाही.

सॅफोला शब्द मिळतात ते आणखी काही दशकांनी, अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयातील एका घड्यावर. इ.स.पू. ४४० ते ४३० च्या दरम्यानचा हा घडा. सॅफो आसनावर बसली आहे, भोवती स्त्रिया आहेत, त्यांतली एक लायर पुढे करते आहे, आणि सॅफो हातातील गुंडाळी वाचते आहे. त्या गुंडाळीवर बारीक अक्षरे वाचता येतात. येथे पानगोष्ठी नाही, पुरुष नाहीत, आणि शब्द तोंडातून निघत नाहीत तर लिखितात आहेत. आपल्या अभ्यासक्रमात सॅफो ज्या रूपात येते, त्या रूपाची ही सुरुवात म्हणता येईल.

ही पात्रे आपल्यापर्यंत कशी आली हेही विसरता येत नाही. त्यांतली फार मोठी संख्या अथेन्सला नव्हे, इटलीतील एत्रुरियात सापडली. १८२८ पासून वुल्ची येथे नेपोलियनचा भाऊ ल्यूसिएन बोनापार्त याच्या जमिनीत थडग्यांमागून थडगी उघडली गेली आणि हजारो पात्रे बाहेर आली. बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने मोठ्या प्रमाणावर खरेदी केली, म्हणून म्युनिकचा संग्रह इतका समृद्ध आहे. एत्रुस्कन लोकांनी ही पात्रे विकत घेतली आणि मृतांसोबत पुरली, म्हणून ती अखंड राहिली. त्या समाजात पत्नी पतीशेजारी मंचकावर रेलून भोजन करी. तार्क्विनियाच्या थडग्यांतील भिंतीचित्रांत ते दिसते, आणि ग्रीक लेखकांनी त्याबद्दल नाके मुरडली आहेत. सूकोचे चित्र पाहणाऱ्या एत्रुस्कन गृहिणीला ती कोण वाटली असेल? ग्रीक लिपी तिला वाचता येत असो वा नसो, अंजीर या नावातला चावटपणा तिच्यापर्यंत पोचला नसण्याचीच शक्यता अधिक.

पानगोष्ठीचा शेवट कसा होई, हेही चित्रकारांनी लपवलेले नाही. व्युर्त्सबुर्गच्या संग्रहालयात ब्रिगोस चित्रकाराचा एक पेला आहे. बाहेरच्या बाजूस गात-नाचत रस्त्याने निघालेली मद्यप्यांची मिरवणूक, आणि पेला रिकामा होताच तळाशी दिसते ते असे : एक तरुण वाकून ओकतो आहे आणि एक मुलगी दोन्ही हातांनी त्याचे डोके सावरते आहे. उत्सवाच्या त्या धांदलीत कामावर असलेली एकटी तीच.

त्या रात्री सूकोने काय वाजवले ते आता कळण्याचा मार्ग नाही. ग्रीक संगीताचे स्वरलेखन असलेले जे थोडके तुकडे उरले ते सारे या पात्रांहून बरेच नंतरचे आहेत. संपूर्ण टिकलेले सर्वांत जुने गीत, सेइकिलोसच्या स्मृतिशिलेवरचे, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले आहे. आउलोसचे काही अवशेष मिळाले आहेत. लूव्रमधील एका चांगल्या स्थितीतील जोडीवरून आणि इतर नळ्यांवरून अलीकडच्या काळात प्रतिकृती घडवल्या गेल्या, वादक त्या वाजवायला शिकले, त्यांची ध्वनिमुद्रणे सहज ऐकायला मिळतात. ऐकून पाहावे. तो स्वर पार्श्वसंगीताचा नाही. बंद खोलीत हे वाद्य वाजत असताना दुसऱ्या कोणाकडे लक्ष देणे अवघड गेले असते.

कदाचित म्हणूनच प्लेटोच्या ‘सिंपोसिऑन’मध्ये संवादाची सुरुवात होते ती आउलोसवालीला बाहेर पाठवून. इ.स.पू. ४१६ मध्ये आगाथॉनच्या पहिल्या नाट्यविजयानंतरची ती पानगोष्ठी. आदल्या रात्रीच्या पिण्याने सगळे थकलेले आहेत. वैद्य एरिक्सिमाखोस सुचवतो, की नुकत्याच आलेल्या आउलोसवालीला जाऊ द्यावे, तिने स्वतःसाठी वाजवावे किंवा आतल्या बायकांसाठी, आणि आपण आज भाषणे करावीत. ‘प्रोतागोरास’मध्येही सॉक्रेटिसचे मत हेच आहे. ज्यांना आपापसात बोलता येत नाही असे अशिक्षित लोकच वाजवणाऱ्या मुलींचे भाव चढवतात. तर ती जाते आणि प्रेमाविषयीची ती जगप्रसिद्ध भाषणे होतात. शेवटी दार वाजते. बाहेर आउलोसचा आवाज येतो. आल्किबिआदेस झिंगलेला आहे, आणि त्याला आधार देऊन आत आणणाऱ्यांत एक आउलोसवाली आहे. तो सॉक्रेटिसची स्तुती सुरू करतो आणि त्याला मार्सिअसची उपमा देतो. मार्सिअस वाद्याने माणसांना भारून टाकी, सॉक्रेटिस तेच वाद्याविना, नुसत्या शब्दांनी करतो, असे त्याचे म्हणणे आहे. लहानपणी ज्याने हे वाद्य नाकारले तोच हे बोलतो आहे. त्याला हाताला धरून आत आणणारी ती वादिका तेव्हा खोलीतच असणार. तिचा उल्लेख प्लेटो पुन्हा करत नाही.